नाव आणि अट : मूत्रविकारांवरील घरगुती पेयांच्या मराठी पाठांचे वाचन

पाककृती आणि औषधकृती हे दोन लेखनप्रकार वाङ्मयाभ्यासाच्या कक्षेत क्वचितच येतात. वस्तुतः एका भाषेतून दुसऱ्या भाषेत आणि एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे इतक्या सहज जाणारे दुसरे लेखन दाखविणे अवघड आहे. कादंबरीचे भाषांतर होण्यास वर्षे लागतात. काढ्याची कृती मात्र एका दुपारी शेजारणीच्या तोंडून उतरवून घेतली जाते आणि संध्याकाळी चुलीवर चढते. या भाषांतरात चूक झाली, तर तिचा निवाडा समीक्षक करीत नाही. तो वाचणाऱ्याच्या किंवा पिणाऱ्याच्या शरीरात होतो. मूत्रपिंडांच्या विकारांवर घरी केल्या जाणाऱ्या पेयांच्या संदर्भात हे कसे घडते, याचे विवरण करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या विवेचनाला निमित्त झाली ती एक वही. दिल्ली-जयपूर महामार्गावरील मानेसर हे गुरुग्राम जिल्ह्यातील औद्योगिक नगर. अरवलीच्या पायथ्याशी वसलेल्या या जुन्या गावाच्या भोवती गेल्या काही दशकांत वाहनउद्योगाचे कारखाने उभे राहिले आणि देशाच्या सर्व भागांतील कुटुंबे तेथे वस्तीला आली. विद्यापीठातील अभ्यागत अध्यापनाच्या काळात मी तेथे राहते. आमच्याच इमारतीत सातारा जिल्ह्यातून आलेले एक कुटुंब आहे. घरातील वडीलधारे गृहस्थ पंचाहत्तरीचे. दीर्घकाळच्या मधुमेहामुळे त्यांच्या मूत्रपिंडांची कार्यक्षमता बरीच घटलेली. त्यांच्या सूनबाईंनी एक दिवस सासूबाईंची जुनी वही माझ्यापुढे ठेवली आणि विचारले, "काकू, तुम्ही जुन्या पोथ्या वाचता ना? मग यातलं बाबांना नेमकं काय द्यायचं, ते सांगा."

वहीत दोन हस्ताक्षरे होती. पहिले, दिवंगत सासूबाईंचे, टाकाच्या वळणाचे, दुसरे सूनबाईंचे. सासूबाईंच्या नोंदींत सातूचे पाणी, धन्याचे पाणी, कुळथाचे कढण आणि गोखरूचा काढा होता. सूनबाईंनी मानेसरला आल्यावर झज्जरकडील शेजारणीकडून मिळालेला 'पत्थरचट्ट्याचा काढा', छपऱ्याच्या भाजीवाल्याने सांगितलेले सत्तूचे सरबत, दुधीचा रस, मक्याच्या कणसाच्या केसांचे पाणी आणि शहाळे यांची भर घातली होती. या सर्वांवर एकच नवे शीर्षक दिलेले होते : 'किडनीसाठी'. माझ्या मते सर्व प्रश्नाचे मूळ या शीर्षकात आहे.

१. अवयवाचे नाव

सासूबाईंनी सातूच्या पाण्यापुढे कोणत्याही अवयवाचे नाव लिहिलेले नव्हते. त्यांनी लिहिले होते, 'उन्हाळी लागल्यास'. मराठीतील हा शब्दप्रयोग मुद्दाम थांबून पाहण्याजोगा आहे. उन्हाळी लागणे म्हणजे लघवीला जळजळ होणे, ती थोडी थोडी व त्रासाने होणे. या शब्दात ऋतू आहे, कारण आहे आणि लक्षणही आहे. शिवाय हा त्रास तात्पुरता असल्याची सूचनाही त्यातच आहे. उन्हात फिरून पाणी कमी प्यायलेल्या, एरवी धडधाकट माणसाला दिवसभर सातूचे पाणी द्यावे, एवढाच त्या नोंदीचा अर्थ. 'किडनीसाठी' या शब्दाने ऋतू, कारण आणि कालमर्यादा या तिन्ही गोष्टी पुसल्या आणि त्यांच्या जागी एक अवयव आणून बसविला.

हे स्थलांतर केवळ एका घरातले नाही. संस्कृत वैद्यकग्रंथांत वृक्क हा शब्द आहे. परंतु चरकसंहितेत वृक्कांचा संबंध मेदोवह स्रोतसांशी जोडलेला आहे. मूत्रवह स्रोतसांचे मूळ म्हणून तेथे बस्ती आणि वंक्षण यांचा निर्देश येतो. सुश्रुतसंहितेतील अश्मरीचे, म्हणजे मुतखड्याचे, निदान आणि त्यावरील प्रसिद्ध शस्त्रकर्म हेही बस्तीच्या संदर्भातच आहे. चरकाने मूत्रासंबंधीच्या औषधी द्रव्यांचे तीन वेगळे गट केले : मूत्राचे प्रमाण कमी करणारी ती मूत्रसंग्रहणीय, मूत्राचा बिघडलेला वर्ण सुधारणारी ती मूत्रविरजनीय आणि मूत्रप्रवृत्ती वाढविणारी ती मूत्रविरेचनीय. गोखरू आणि पाषाणभेद तिसऱ्या गटात येतात. 'मूत्रपिंडांना बळ देणारे' असा सर्वसमावेशक चौथा गट तेथे नाही.

आधुनिक शरीरविज्ञानाने मूत्रनिर्मितीचे स्थान मूत्रपिंडांत निश्चित केले, तेव्हा 'मूत्रल' या जुन्या संज्ञेचा अनुवाद लोकभाषेत सहजपणे 'किडनीसाठी चांगले' असा होऊ लागला. हा अनुवाद सदोष आहे. मूत्रपिंडांचे काम केवळ मूत्र तयार करणे नव्हे. रक्त गाळणे, क्षारांचा व आम्लाचा तोल राखणे, रक्तदाब आणि रक्तपेशींची निर्मिती यांच्याशी संबंधित द्रव्ये स्रवणे हेही आहे. मूत्राचे प्रमाण वाढले म्हणजे गाळण्याची क्षमता वाढली, असे होत नाही. दिवसाला भरपूर लघवी होणाऱ्या माणसाचे क्रिएटिनिनही चढलेले असू शकते. म्हणून एखादे पेय 'मूत्रल' आहे हे विधान खरे असतानाच 'ते किडनी सुधारते' हे विधान खोटे असू शकते. पहिल्या विधानाची शतकांची प्रतिष्ठा दुसऱ्या विधानाला मिळते, ती केवळ भाषांतराच्या वाटेने.

२. वनस्पतीचे नाव

दुसरा प्रश्न द्रव्याच्या नावाचा. 'पाषाणभेद' हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. दगड भेदणारी ती वनस्पती, असे हे गुणवाचक नाव. गुणवाचक नाव हे विशेषनामापेक्षा अधिक प्रवास करते, कारण तो गुण जेथे जेथे मानला जातो, तेथे तेथे ते चिकटते. आज हिमालयात उगवणारी बर्जेनिया ही पाषाणभेद म्हणून बाजारात येते. परंतु इतर प्रदेशांत पानओवा, एर्व्हा लॅनाटा, रोट्युला अक्वाटिका अशा परस्परांशी नाते नसलेल्या वनस्पतींनाही हेच नाव लाभलेले आहे. उत्तरेकडील घरांत 'पत्थरचट्टा' म्हणून कुंडीत वाढणारी आणि मराठीत 'पानफुटी' म्हणून परिचित असलेली वनस्पती म्हणजे कॅलांको. पानाच्या कडेला नवी रोपे फुटतात, म्हणून पानफुटी. हिचे मूळस्थान मादागास्कर बेट असल्याने चरकाच्या गणातील पाषाणभेद ती असण्याचा संभव नाही. शिवाय कॅलांकोच्या जातींत हृदयाच्या गतीवर परिणाम करणारी ब्युफाडायनोलाइड वर्गाची द्रव्ये असतात. ती खाऊन गुरांना विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. हृदयाची लय आधीच क्षारांच्या असमतोलामुळे धोक्यात असलेल्या मूत्रपिंडरुग्णाला असा काढा देताना 'हा तर ग्रंथोक्त पाषाणभेदच' असे समाधान मानणे म्हणजे एका नावाच्या आधारावर दुसऱ्या वस्तूवर विश्वास टाकणे होय.

वहीतील दुसरे उदाहरण वरवर निरुपद्रवी आहे. सासूबाईंचे 'सातू' आणि भाजीवाल्याचे 'सत्तू' हे दोन्ही संस्कृत 'सक्तु' या शब्दाचे वंशज. सक्तु म्हणजे भाजलेल्या धान्याचे पीठ. मराठीत हा शब्द पिठासाठी तर राहिलाच, पण त्याचबरोबर जव या धान्याचेही नाव झाला. वहीतील सातू म्हणजे अख्खे जव, रात्री भिजवून, सकाळी भरपूर पाण्यात शिजवून आणि गाळून घेतलेले. बिहारमधील सत्तू प्रायः भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ असते आणि ते न गाळता पाण्यात कालवून, मीठ, कांदा, लिंबू घालून प्यायले जाते. मानेसरच्या उन्हात कारखान्याच्या दाराशी उभ्या गाड्यांवरून सत्तू पिणाऱ्या कामगाराला ते उत्तम अन्न आहे. परंतु 'सातूचे पाणी' या ओळीखाली सूनबाईंनी कंस करून 'सत्तू' असे लिहिले, तेव्हा गाळलेले पातळ पाणी जाऊन त्याच्या जागी प्रथिने, पोटॅशियम आणि फॉस्फरस यांनी युक्त असे पेय आले. मूत्रपिंडे दुर्बल झालेल्या माणसाला ज्या तीन गोष्टी मोजून घ्याव्या लागतात, त्या नेमक्या याच. त्यावर घातलेले मीठ ही चौथी. व्युत्पत्तीने सख्खे असलेले शब्द अर्थाने परके होतात, हे तौलनिक भाषाभ्यासाला नवे नाही. त्याचा असा परिणाम मात्र आपण सहसा पाहत नाही.

नावाच्या प्रवासाचे तिसरे उदाहरण वहीत नव्हते. परंतु ते येथे घेतल्याशिवाय राहवत नाही. कोकण-गोव्यात करंबळ किंवा कमरख म्हणून ओळखले जाणारे, आडवे कापल्यास चांदणीसारखे दिसणारे आंबटगोड फळ युरोपीय भाषांत 'कॅराम्बोला' म्हणून ओळखले जाते. पोर्तुगीजांनी हा शब्द मराठीतूनच उचलला, असे कोशकार मानतात. गार्सिया द ओर्ता याच्या, १५६३ मध्ये गोव्यात छापल्या गेलेल्या औषधी द्रव्यांवरील संवादग्रंथातही या फळाची चर्चा आहे. पोर्तुगीज भाषेबरोबर हे नाव ब्राझीलमध्ये रुजले आणि त्याच ब्राझीलमधील वैद्यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस डायलिसिसवरील रुग्णांना या फळाने उचकी, भ्रम, आकडी येते आणि प्रसंगी मृत्यूही ओढवतो, असे नोंदविले. त्यास कारण असणारे चेतासंस्थेवरील विष २०१३ मध्ये वेगळे करण्यात आले आणि त्याला फळाच्या नावावरूनच 'कॅराम्बॉक्सिन' हे नाव मिळाले. निरोगी मूत्रपिंडे ते विष बाहेर टाकतात. दुर्बल मूत्रपिंडांना ते जमत नाही. मराठी शब्द चार शतकांत पृथ्वीप्रदक्षिणा करून एका विषाच्या नावात स्थिरावला. पण त्या विषाची वार्ता अजून कमरखाचे सरबत करणाऱ्या आपल्या स्वयंपाकघरापर्यंत पुरेशी पोहोचलेली नाही. यात आणखी एक गुंता आहे : मराठीत 'करमळ' हे नाव डिलेनिया या अगदी वेगळ्या वृक्षालाही आहे. त्यामुळे 'करमळाचा रस' असे नुसते लिहिलेल्या कृतीत कोणते फळ अभिप्रेत आहे, हे गाव कळल्याशिवाय कळत नाही.

नावातील संभ्रमाने मूत्रपिंडे निकामी झाल्याचे सर्वांत दुःखद उदाहरण मात्र बेल्जियममधील आहे. ब्रुसेल्समधील वैद्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वृत्तानुसार वजन घटविण्याची औषधे घेतलेल्या तरुण स्त्रियांच्या मूत्रपिंडांची वेगाने हानी झाली होती. पुढे अशा रुग्णांची संख्या शंभराच्या घरात गेली. औषधातील एका चिनी वनस्पतीचे नाव 'हान फांग जी', म्हणजे स्टेफानिया. प्रत्यक्षात गोळ्यांत आली ती 'ग्वांग फांग जी', म्हणजे अरिस्टोलोकिया. दोन्ही नावांत 'फांग जी' समान. अरिस्टोलोकियातील आम्ल मूत्रपिंडांना घातक असून मूत्रमार्गाच्या कर्करोगासही कारण होते. याच कुलातील एक वेल आपल्याकडे ईश्वरी या नावाने औषधी म्हणून परिचित आहे. तेव्हा 'जे रानातले, ते निर्धोक' ही समजूत मूत्रपिंडांच्या बाबतीत तरी टाकून दिली पाहिजे.

जुन्या परंपरेला हा धोका ठाऊक होता. सुश्रुताचा टीकाकार डल्हण अनेक द्रव्यांचे लोकभाषेतील नाव देतो. नरहरीच्या राजनिघंटूत महाराष्ट्र आणि कर्णाटक या देशींची नावे नोंदविलेली आढळतात. सतराव्या शतकात रघुनाथ नवहस्ते याने लिहिलेल्या भोजनकुतूहल या संस्कृत ग्रंथात पदार्थांची मराठी नावे येतात. ही नावे देण्यामागे भाषाप्रेमापेक्षा व्यवहाराची निकड होती : लिहिणाऱ्याच्या मनातील वनस्पती आणि वाचणाऱ्याच्या हातातील वनस्पती एकच असावी. पर्यायनामांच्या त्या याद्या आज आपण कंटाळून उलटतो. त्या मूलतः सुरक्षेच्या याद्या होत्या.

३. अट

नाव निश्चित झाले, तरी कृती पूर्ण होत नाही. ती कोणासाठी, कोणत्या ऋतूत, किती, कशी काढलेली आणि कधी थांबवायची, या अटी तिचा भाग असतात. शार्ङ्गधरसंहितेत वनस्पतीतून सार काढण्याच्या पाच पद्धती सांगितल्या आहेत : स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट. क्वाथात द्रव्याच्या सोळापट पाणी घालून ते अष्टमांश उरेपर्यंत आटवायचे. हिमात सहापट थंड पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी गाळायचे. फांटात चौपट गरम पाण्यात काही वेळ ठेवून गाळायचे. म्हणजे धन्याचे रात्रभर भिजविलेले पाणी आणि धन्याचा आटवलेला काढा या एकाच द्रव्याच्या दोन निराळ्या कृती आहेत. त्यांची तीव्रताही निराळी. घरगुती बोलीत या दोहोंना 'धन्याचे पाणी' म्हणतात.

पुढे छापील पाकशास्त्राचे युग आले. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने १९७० पासून वाटी आणि चमचा यांचे प्रमाण घरोघरी रुजविले आणि मराठी पाककृतीला नेमकेपणा आणला. मात्र पाकपुस्तकाचा गृहीत वाचक निरोगी कुटुंब असतो. 'हे कोणी खाऊ नये' असे सांगणे त्या लेखनप्रकाराच्या कक्षेत येत नाही. औषधकृती जेव्हा पाककृतीचा वेष घेते, तेव्हा प्रमाण टिकते आणि अपवाद गळतो. 'आजीबाईच्या बटव्या'तही अपवाद होता, परंतु तो लिहिलेला नव्हता. तो आजीच्या नजरेत होता. पायावर सूज दिसली, की ती पाणी देण्याचे थांबवी. बटव्यातील पुड्या उरल्या आणि आजी गेली, तेव्हा तो अपवादही गेला.

मूत्रपिंडांच्या विकारात या अपवादाला इतके महत्त्व का, हे थोडे स्पष्ट केले पाहिजे. लोकव्यवहारात 'किडनीचा त्रास' हा एकच शब्दप्रयोग असला, तरी त्याखाली निदान दोन भिन्न अवस्था येतात आणि त्यांचे पथ्य अनेकदा परस्परविरुद्ध असते. पहिली अवस्था मुतखड्याची. मूत्रपिंडे काम करीत आहेत, पण मूत्र दाट होऊन क्षारांचे स्फटिक जमतात. मानेसरसारख्या ठिकाणी, जेथे मे-जूनमध्ये पारा चाळीस अंशांपलीकडे जातो आणि कामगार तासन् तास घाम गाळतो, हा धोका वाढतो. येथे मुख्य उपाय मूत्र पातळ ठेवणे हा आहे : दिवसाला अडीच लिटरच्या आसपास लघवी होईल इतके पाणी. सातूचे गाळलेले पाणी, धन्याचे भिजविलेले पाणी, पातळ ताक, बेताच्या साखरमिठाचे लिंबूपाणी यांचा उपयोग प्रामुख्याने त्यांतील पाण्यामुळे होतो. लिंबातील सायट्रेट कॅल्शियमयुक्त खडे होण्यास विरोध करते, ही त्यात भर. कुळथाच्या कढणाची कीर्तीही सर्वदूर आहे. कुमाऊँ-गढवालमध्ये तेच कडधान्य 'गहत' या नावाने याच कामासाठी प्रसिद्ध आहे. तयार झालेला मोठा खडा कढणाने विरघळतो असे मात्र मानू नये. पालक आणि बीट यांच्या रसाची गोष्ट उलट आहे : त्यांत ऑक्झलेट विपुल असते आणि बहुसंख्य खडे कॅल्शियम ऑक्झलेटचेच असतात. आवळ्याचा रस रोज मोठ्या प्रमाणात घेतल्यास त्यातील क जीवनसत्त्वाचेही शरीरात काही अंशी ऑक्झलेट होते.

दुसरी अवस्था मूत्रपिंडांच्या दीर्घकालीन विकाराची. आमच्या शेजारच्या गृहस्थांची होती ती. येथे गाळणीच झिजलेली असते. पोटॅशियम पुरेसे बाहेर पडत नाही, रक्तात साठते आणि हृदयाची लय बिघडवते. पुष्कळदा कोणतीही पूर्वसूचना न देता. शहाळ्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात साधारणपणे २०० ते २५० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. टोमॅटोचे सार, भाज्यांचे रस, आटवलेले काढे हे सर्व पोटॅशियम एकवटून देणारे प्रकार आहेत. पुनर्नवेच्या मूत्रल गुणाचा संबंधही तिच्यातील पोटॅशियमच्या क्षाराशी जोडला गेलेला आहे. ज्या रुग्णाचे पोटॅशियम वाढलेले असते, त्याला आहारतज्ज्ञ भाजी चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून देण्यास सांगतात. भाजीच्या पेयात नेमके हेच फेकण्याचे पाणी पेल्यात येते आणि चोथा फेकला जातो. एकाच भाजीवरील या दोन कृती परस्परांच्या व्यत्यास आहेत. एक कृती 'किडनीसाठी' म्हणून सांगितली जाते, दुसरी मूत्रपिंडाच्या रुग्णाला लिहून दिली जाते, आणि दोन्ही एकाच घरात एकाच ओट्यावर होऊ शकतात. सूज असलेल्या किंवा डायलिसिसवरील रुग्णाला तर साधे पाणीही मोजून घ्यावे लागते.

अट गळाल्याचे आणखी एक उदाहरण दिल्लीच्या परिसरातलेच आहे. २०१० मध्ये दिल्लीत दुधी आणि कारले यांचा एकत्र रस प्यायल्यानंतर एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने या प्रश्नाचा विचार केला. कारण होते कडू दुधीतील कुकुरबिटासिन हे द्रव्य. समितीची शिफारस अगदी साधी होती : रस काढण्यापूर्वी दुधीचा लहानसा तुकडा चाखावा, कडू लागल्यास तो टाकून द्यावा आणि दुधीच्या रसात दुसरा रस मिसळू नये. २०१८ मध्ये पुण्यातही दुधीचा कडू रस प्यायल्याने एका स्त्रीचा मृत्यू झाला. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की भाजीसाठी दुधी चिरताना फोड चाखून पाहण्याची रीत आपल्या स्वयंपाकघरात पूर्वापार आहे. कडू भोपळा तीर्थांत बुडवून आणला तरी कडूच राहतो, ही कीर्तनांत तुकोबांच्या नावावर सांगितली जाणारी कथा श्रोत्याला तत्काळ कळते, ती या रीतीमुळेच. भाजीची कृती रसाची कृती झाली, तेव्हा चाखण्याची पायरी वगळली गेली. आणि कडूपणा हा 'औषधी गुण' मानला जाऊ लागल्यावर तर इशाराच आश्वासन ठरला. कारल्याच्या कडूपणात दुधीचा कडूपणा ओळखणार तरी कसा?

४. 'पारंपरिक' या विशेषणाविषयी

या पेयांच्या समर्थनार्थ सर्वाधिक वापरले जाणारे विशेषण 'पारंपरिक' हे आहे. वहीतील मक्याच्या केसांचे पाणी या दृष्टीने उद्बोधक ठरते. मका ही अमेरिका खंडातील वनस्पती. ती पोर्तुगीजकाळानंतर आपल्याकडे रुळली असे सामान्यतः मानले जाते. टोमॅटो आणखी अलीकडचा. पानफुटी मादागास्करची. तरीही वहीत ही सर्व पेये चरकोक्त गोखरूच्या शेजारी, त्याच शाईत आणि त्याच अधिकाराने उभी आहेत. यात दोष शोधण्याचे कारण नाही. परंपरा अशीच वाढते, नवे जुन्यात सामावून घेते. परंतु एखादी कृती जुनी आहे, एवढ्यावरून ती तपासलेली आहे असा निष्कर्ष काढणे जितके चूक, तितकेच नव्या कृतीला जुनेपणाचा शिक्का मारणेही चूक. संहितेच्या अभ्यासात आपण प्रक्षिप्त भाग वेगळा करतो, तो त्याला हीन ठरविण्यासाठी नव्हे, तर त्याचा काळ आणि कर्ता कळावा म्हणून. औषधकृतींच्या वहीलाही तीच शिस्त लागू करावी लागेल.

५. वहीचे संपादन

सूनबाईंच्या प्रश्नाला माझ्याजवळ वैद्यकीय उत्तर नव्हते आणि नसणेच योग्य होते. मी एवढेच विचारले, की बाबांचा शेवटचा रक्ततपासणीचा कागद कोठे आहे. त्यात पोटॅशियम साडेपाचच्या पुढे गेलेले होते. सर्वसाधारण मर्यादा पाचच्या आसपास असते. रोज सकाळी एक शहाळे आणि दुधीचा रस, दुपारी सत्तू, संध्याकाळी पत्थरचट्टा, असा क्रम गेले दोन महिने चालू होता. घरातील प्रत्येकाने तो मायेने पाळला होता. वही आणि तो कागद घेऊन ते दुसऱ्या दिवशी मूत्रपिंडतज्ज्ञांकडे गेले. सर्व पेये बंद झाली, औषधात बदल झाला आणि पाण्याचे माप ठरले. पुढील तपासणीत आकडा खाली आला होता.

त्यानंतर आम्ही दोघींनी मिळून त्या वहीचे संपादन केले. 'किडनीसाठी' हे शीर्षक खोडले. प्रत्येक कृतीपुढे चार रकाने आखले : वस्तूचे नाव आणि ते कोणत्या गावचे; कोणी, केव्हा सांगितले; कोणासाठी आणि कोणत्या तक्रारीवर; कोणी घेऊ नये. 'सातू' पुढे 'अख्खे जव, गाळून' असे आले आणि 'सत्तू' स्वतंत्र पानावर गेले. 'पत्थरचट्टा' पुढे 'म्हणजे आपली पानफुटी. ग्रंथातील पाषाणभेद नव्हे. पोटात घेऊ नये' अशी नोंद झाली. दुधीपुढे 'चाखून' हा शब्द परत आला. शेवटचा रकाना भरताना सूनबाई म्हणाल्या, "सासूबाईंना हे सगळं माहीत असणार, काकू. त्यांनी लिहिलं नाही, एवढंच."

मला हे म्हणणे महत्त्वाचे वाटते. मौखिक ज्ञान लेखनात उतरताना जे सर्वांना ठाऊक आहे ते गाळले जाते; आणि तीच कृती परक्या प्रांतात, परक्या भाषेत, वेगळ्या आजाराच्या माणसापुढे येते तेव्हा गाळलेलेच निर्णायक ठरते. तौलनिक साहित्याचा अभ्यासक भाषांतरात काय हरवले याची नोंद घेत आला आहे. ती सवय त्याने काव्याइतकीच काढ्याच्या कृतीकडे वळविली, तर घरोघरच्या अशा वह्या अधिक विश्वसनीय होतील. पेय कोणते द्यावे हे वैद्याने ठरवावे. वैद्यापुढे ठेवलेल्या वहीत लिहिलेले नाव आणि पेल्यातील वस्तू एकच आहे, आणि त्या नावामागची अट शाबूत आहे, एवढे पाहणे मात्र भाषेच्या अभ्यासकाचे काम आहे.